वाचकांचे प्रश्न : नववीच्या वर्गातला ओडिसियस

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडला, तेव्हा त्यातली बरीच पत्रे एकाच विषयावरची निघाली. शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेने नववीच्या अवांतर वाचनासाठी ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याची संक्षिप्त आवृत्ती लावली आहे, आणि मुलांपेक्षा पालकांनाच तिची काळजी अधिक लागलेली दिसते. ज्यांनी ही कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॉयचे दहा वर्षांचे युद्ध संपवून इथाका बेटाचा राजा ओडिसियस घरी निघतो आणि त्याला पोहोचायला आणखी दहा वर्षे लागतात. इकडे त्याची पत्नी पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणारे १०८ मागणीदार त्याच्याच वाड्यात ठाण मांडून त्याचीच गुरेढोरे कापून खात असतात, आणि मुलगा टेलेमाकस बापाचा चेहराही न आठवता वाढलेला असतो. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. रामायण-महाभारत नीट वाचून व्हायच्या आधी तिने ग्रीकांचे राक्षस आणि चेटकिणी का वाचाव्यात, हे मला समजत नाही. याला गुणही फारसे नाहीत. हा वेळ गणिताला दिलेला बरा नाही का? (एक पालक, जुळे सोलापूर)

उत्तर : ‘ओडिसी’चा कवी मानला जाणारा होमर शिकून मुलाचे नेमके काय भले होते, ही शंका खुद्द ग्रीकांनाही आलेली होती. झेनोफोन या लेखकाने एका मेजवानीतला संवाद लिहून ठेवला आहे. त्यात निकेरातस नावाचा तरुण अभिमानाने सांगतो, की मी चांगला माणूस व्हावे म्हणून वडिलांनी माझ्याकडून होमर पाठ करून घेतला आणि आजही ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही दोन्ही काव्ये मी अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवीन. पहिल्यात सुमारे १५,७०० आणि दुसऱ्यात सुमारे १२,१०० ओळी आहेत, म्हणजे बढाई लहान नव्हती. त्यावर मेजवानीतला दुसरा पाहुणा अँटिस्थेनीस त्याला विचारतो, की गावोगाव होमर म्हणून दाखवणाऱ्यांनाही ही काव्ये तोंडपाठ असतात, आणि त्यांच्याइतकी मूर्ख जमात तुझ्या पाहण्यात दुसरी आहे का? निकेरातसला ‘नाही’ असेच म्हणावे लागते. तेव्हा नुसत्या पाठांतराने काही साधत नाही, याबद्दल आपले आणि त्या जुन्या ग्रीकांचे एकमत आहे असे समजावे.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती काव्याबद्दल नसून संक्षिप्त आवृत्त्यांबद्दल आहे. मूळ काव्याचे २४ सर्ग आहेत. त्यांपैकी पहिल्या चार सर्गांत ओडिसियस प्रत्यक्ष समोर येतच नाही. तिथे विशीतला टेलेमाकस आहे, ज्याच्या घरात परकी माणसे घुसली आहेत आणि ज्याला त्यांना ‘बाहेर व्हा’ म्हणण्याचे बळ अजून आलेले नाही. एकडोळ्या राक्षस, चेटकीण किर्की, गाऊन खलाशांना मोहात पाडणाऱ्या सायरेन, सहा तोंडांची स्किला हे सगळे नवव्या ते बाराव्या अशा जेमतेम चार सर्गांत आटोपते. आणि तेराव्यापासून चोविसाव्यापर्यंत, म्हणजे नेमके अर्धे काव्य, ओडिसियस इथाकातच असतो, भिकाऱ्याच्या वेषात, स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर. संक्षिप्त आवृत्तीत बहुधा ते चार सर्ग ठळक चित्रांसह पानेच्या पाने पसरतात आणि घरी परतल्यानंतरचे बारा सर्ग शेवटच्या दहा पानांत कोंबले जातात. लग्नाच्या पंगतीत लोणचे वाढून वरणभात न वाढण्यासारखा हा प्रकार आहे.

आपल्या मुलीने पुस्तक वाचावे, पण आपण तिच्याबरोबर बसून पहिला, सतरावा, एकोणिसावा आणि तेविसावा असे चार सर्ग तरी पूर्ण भाषांतरातून वाचावेत. सतराव्या सर्गात, दारापुढच्या उकिरड्यावर गोचिडांनी भरलेला म्हातारा कुत्रा अर्गोस पडलेला असतो. वीस वर्षांनी आलेल्या धन्याला तो ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ येण्याइतके त्राण त्याच्यात उरलेले नसते. आणि धन्याला वेषांतर उघड करता येत नसल्याने तो सोबत्याच्या नकळत डोळे पुसतो आणि आत निघून जातो. मागे कुत्रा मरतो. हा प्रसंग समजायला रामायण आधी वाचून झालेले असण्याची किंवा नसण्याची काही अट नाही. गणिताच्या वेळेला हात लावू नये. मोबाइलच्या वेळेला लावावा.

प्रश्न : पुस्तकात नायकाचे नाव ‘युलिसिस’ छापले आहे आणि बाई वर्गात ‘ओडिसियस’ म्हणतात. बरोबर कोणते? (विद्यार्थी, मुरारजी पेठ)

उत्तर : दोन्ही. ग्रीक नाव ओडिसियस. लॅटिन भाषेत त्याचे उलिक्सेस झाले आणि त्यावरून इंग्रजांनी युलिसिस केले. काव्याचे नाव ‘ओडिसी’ आहे, म्हणून वहीत ओडिसियस लिहावे म्हणजे नाते चटकन दिसते.

प्रश्न : आम्हाला ‘ओडिसियस : एक आदर्श वीर’ या विषयावर निबंध लिहायचा आहे. मी पुस्तक दोनदा वाचले. तो सारखा खोटे बोलतो, त्याचे सगळे सोबती मरतात आणि शेवटी तो खूप माणसांना मारतो. मग तो आदर्श कसा? आणि मी असे लिहिले तर गुण कमी होतील का? (इयत्ता नववीतला विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : तू पुस्तक दोनदा वाचलेस हे तुझ्या प्रश्नावरूनच कळते. गोंधळ ‘आदर्श’ या शब्दाने केला आहे. ग्रीकांच्या ‘हेरोस’ या शब्दात, ज्याच्यासारखे सर्वांनी वागावे असा माणूस, हा अर्थ नाही. काव्याच्या पहिल्याच ओळीत कवीने त्याला ‘पोलुत्रोपोस’ असे विशेषण लावले आहे. त्याचा अर्थ पुष्कळ वळणांचा. त्यात पुष्कळ वाटा तुडवलेला हेही येते आणि ज्याच्या बोलण्याला सरळ रेषा नाही तो हेही येते. कवीने पहिल्या ओळीतच सावध केल्यावर आपण त्याला फुलांचा हार घालायला धावण्याचे कारण नाही.

एकडोळ्या पॉलिफेमसचा प्रसंग घे, कारण तो तुला पाठ असणार. गुहेच्या तोंडाशी राक्षसाने प्रचंड शिळा लावली आहे, सहा सोबती त्याने खाल्ले आहेत, आणि ओडिसियस त्याला दारू पाजून सांगतो की माझे नाव ‘कोणीच नाही’. मग तापवलेला ऑलिव्हचा खुंटा डोळ्यात खुपसल्यावर राक्षस ओरडतो, शेजारचे राक्षस धावत येऊन बाहेरून विचारतात, ‘कोण मारतंय तुला?’ आणि आतून उत्तर येते, ‘कोणीच नाही!’ हा विनोद मराठीत अजिबात न खरचटता उतरतो, हे आपले भाग्य. इथपर्यंत तो खरोखर हुशार आहे. पण गलबत किनाऱ्यापासून सुटल्यावर, सोबती हातापाया पडून गप्प बस म्हणत असताना, तो मोठ्याने ओरडून सांगतो की तुझा डोळा फोडणारा मी इथाकाचा, लाएर्टीसचा मुलगा, ओडिसियस. नाव, बापाचे नाव आणि गाव, म्हणजे आधार कार्डावर असते तेवढे सगळे त्याने सांगून टाकले. पॉलिफेमसचा बाप समुद्रदेव पोसायडन आहे, आणि नाव कळल्यामुळेच राक्षसाला नेमका शाप मागता येतो. पुढच्या हालांची एक मोठी मुळी त्या ओरडण्यात आहे.

आता हिशेब कर. बारा गलबते घेऊन निघालेल्या माणसाची अकरा गलबते लेस्ट्रिगोनियन राक्षसांच्या बंदरात फुटतात, आणि त्या वेळी त्याने स्वतःचे गलबत मात्र बंदराबाहेर बांधून ठेवलेले असते. स्किला सहा माणसे उचलणार हे त्याला आधीच सांगितलेले असते, तरी खलाशी भिऊन वल्ही सोडतील म्हणून तो त्यांना ते कळू देत नाही. शेवटचे गलबत मात्र सोबत्यांच्या स्वतःच्या चुकीने जाते, कारण शपथ घेऊनही ते सूर्यदेवाच्या गाई मारून खातात. आणखी एक बारीक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देतो. नवव्या ते बाराव्या सर्गांतली ही सगळी हकिकत ओडिसियस स्वतःच वाटेत आसरा देणाऱ्या फिआकियन लोकांच्या राजाच्या दरबारात जेवणानंतर सांगतो आहे. साक्षीदार कोणी उरलेला नाही, आणि सांगणारा तर बोलण्यात तरबेज आहे. त्यातले किती खरे मानायचे, हे कवीने आपल्यावर सोडले आहे.

शेवटी तो मागणीदारांना मारतो, आणि त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना टेलेमाकस एकाच दोरावर फाशी देतो. तुझ्या संक्षिप्त पुस्तकात त्या दासी कदाचित नसतील. मूळ काव्यात आहेत, आणि त्यांचे पाय काही क्षण तडफडले, फार वेळ नाही, असे कवीने न टाळता सांगितले आहे. चोविसाव्या सर्गात, मारल्या गेलेल्या अँटिनोअस या मागणीदाराचा म्हातारा बाप युपेइथीस भर सभेत रडत उभा राहतो आणि आरोप करतो, की या माणसाने आपली गलबते आणि चांगली माणसे नेऊन गमावली आणि परत येऊन उरलेल्यांतले उत्तम तेवढे मारले. तुला पडलेला प्रश्न खुद्द काव्यातच एका माणसाने विचारलेला आहे! त्याचे म्हणणे खोडून काढणारेही सभेत आहेत. तू दोन्ही बाजूंचे म्हणणे मांड, मग तुझे मत सांग, आणि प्रत्येक विधानाला प्रसंगाचा पुरावा दे.

गुणांची हमी मला देता येणार नाही. पण प्लेटोच्या एका संवादात ‘इलियड’चा नायक अकिलीस चांगला की ओडिसियस यावरच वाद रंगला आहे आणि इटालियन कवी डांटेने तर ओडिसियसला नरकात घातले आहे, हे निबंधात एका वाक्यात आलेले कोणत्याही परीक्षकाला आवडेल.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या तरुणपणी हातमाग होता. पेनेलोपी दिवसा विणायची आणि रात्री उकलायची, असे तीन वर्षे चालले, हे मी आजोबांना सांगितले. ते हसले आणि तेलुगूत म्हणाले की हे विणकराने लिहिलेले नाही. खरे काय? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, साखर पेठ)

उत्तर : तुझ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. या काव्यावर असंख्य पाने लिहिली गेली असतील, पण मागावर बसलेल्या माणसाचा शेरा दुर्मीळ.

आधी माग कोणता ते पाहू. आजोबांच्या खड्ड्याच्या मागावर ताणा, म्हणजे कापडाच्या लांबीचे धागे, आडवा, जमिनीला समांतर असतो, विणकर कडेला बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. पेनेलोपीचा माग त्या काळच्या ग्रीसमधला उभा माग होता. दोन खांबांवर वर आडवा दांडा, त्यावरून ताण्याचे धागे खाली सोडलेले, आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली झुपक्या-झुपक्याने मातीची किंवा दगडाची वजने बांधलेली. ग्रीसमध्ये उत्खननांत अशी मातीची वजने ढिगांनी सापडतात. या मागाला धोटा झटक्यासरशी फेकण्याची सोय नाही. बाणा, म्हणजे रुंदीचा धागा, हाताने ओवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि धागा वरच्या बाजूला ठोकत न्यायचा, कारण कापड वरून खाली वाढते. म्हणून होमरच्या काव्यात विणणारी बाई मागापुढे ये-जा करताना दिसते. आपल्याकडे विणकर बसतो आणि धोटा फिरतो. तिथे विणकरीणच फिरते.

आता उकलण्याविषयी. तुझे पत्र आल्यावर मी अशोक चौकाच्या मागच्या बाजूला एका जुन्या विणकरांकडे गेलो. त्यांनी मला तोंडी काही समजावले नाही. मागावर टॉवेलाचा तुकडा चढवलेला होता, त्यातले चार बोटे कापड त्यांनी माझ्यादेखत परत काढून दाखवले. शेवटी घातलेला बाणा आधी काढायचा, आणि त्यासाठी पायाखालची पट्टी दाबून ताण्याची तीच फट पुन्हा उघडायची. फट चुकली की धागा अडकतो. जे विणायला पाव तास लागला असता ते काढायला वीस मिनिटे गेली. काढलेला धागा त्यांनी माझ्या बोटांत दिला. तो लाटांसारखा वाकडा झालेला होता. मग त्यांनी ताण्यावरून अंगठा फिरवला आणि नखाला लागलेली पांढरी लव दाखवली. ताण्याला खळ लावलेली असते; एकाच जागी तो पुन्हा पुन्हा घासला की खळ झडते, लव उठते आणि पाचव्या-सहाव्या वेळेला धागा तुटायला लागतो. तेव्हा आजोबांचे हसणे रास्त आहे. रोज दिव्याच्या उजेडात दिवसभराचे काम उकलणारी बाई झोपणार कधी, आणि तो ताणा तीन वर्षे टिकणार कसा?

तरी कवीच्या बाजूने दोन शब्द सांगायला हवेत. ते कापड ‘बारीक आणि फार मोठे’ होते, असे काव्यातच म्हटले आहे, म्हणजे काम मुळातच लांबणारे होते. दुसरे असे, की ही युक्ती काव्यात तीनदा सांगितलेली आहे: एकदा फसलेला अँटिनोअस चिडून सांगतो, एकदा पेनेलोपी स्वतः भिकाऱ्याच्या वेषातल्या नवऱ्याला सांगते, आणि एकदा मेलेल्या मागणीदाराचे भूत पाताळात सांगते. मागणीदारांनी कापड कधी जवळून पाहिलेले नाही, कारण बायकांच्या मागाकडे पाहण्याची त्यांना गरजच वाटत नव्हती. चौथ्या वर्षी हा डाव फुटतो तो घरातल्या दासीने सांगितल्यामुळे. म्हणजे ज्यांचे हात सुताला लागत होते, त्यांनाच तो कळला. कवीला मागाचे तंत्र आजोबांइतके ठाऊक नसेलही, पण कोण कुठे बघत नाही हे त्याला नेमके ठाऊक होते.

ते कापड कशासाठी होते हेही आजोबांना सांग. सासरा लाएर्टीस जिवंत असताना त्याच्या प्रेतावर घालायचे वस्त्र ती विणत होती, आणि इतकी मिळकत असलेला माणूस वस्त्रावाचून गेला तर गावातल्या बायका मला नावे ठेवतील, हे तिने दिलेले कारण कोणालाच खोडता आले नाही. आपल्याकडे एखाद्या सुनेने असे काम मांडले असते तर पहिल्याच दिवशी घरात काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

प्रश्न : मूळ काव्यात त्याच त्या ओळी आणि तीच ती विशेषणे पुन्हा पुन्हा येतात. वर्गात वाचताना मुले हसतात. अशा ओळी गाळाव्यात का? (एक शिक्षक, बार्शी)

उत्तर : सगळ्या गाळू नयेत. ‘गुलाबी बोटांची उषा उगवली’ ही ओळ ‘ओडिसी’त वीसच्या आसपास वेळा येते, आणि ओडिसियस कधी ‘सोशिक’, कधी ‘बहुयुक्तीचा’ असतो. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले, की कोणते विशेषण घ्यायचे हे पुष्कळदा प्रसंगावर नव्हे, तर ओळीत उरलेल्या जागेवर ठरते. १९३३ ते १९३५ या काळात त्याने युगोस्लाव्हियात जाऊन, काव्य पाठ न करता गाता गाताच रचणाऱ्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि उतरवून घेतली. त्यांतल्या अव्दो मेजेदोविच या निरक्षर खाटकाने सांगितलेले एक काव्य बारा हजार ओळींच्या वर गेले, म्हणजे थेट ‘ओडिसी’एवढे. अशा गायकाला तयार तुकडे लागतातच. ते म्हणताना पुढची ओळ जुळवायला त्याला उसंत मिळते. आपल्याकडे गोंधळी रात्रभर कथा लावतो किंवा बाई जात्यावर ओवी गाते, तेव्हा ‘पंढरीचा राणा’ आणि ‘रुक्मिणीचा पती’ यांतले कोणते येईल हे बऱ्याचदा ओवीच्या मापावरच ठरते. गोंधळ पाहिलेल्या मुलांना हे एका वाक्यात पटेल.

आपण मराठीचे शिक्षक असाल असे धरून वृत्ताबद्दल सांगतो. होमरच्या ओळीचा मूळ गण गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला ‘भ’ गण. असे सहा गण एका ओळीत. त्यांच्याऐवजी दोन गुरू चालतात, आणि शेवटचा गण दोनच अक्षरांचा असतो. फळ्यावर भ-गण सहादा लिहून मुलांकडून टाळीवर म्हणवून घ्या. हसणे थांबेल, निदान बदलेल.

प्रश्न : धनुष्याला दोरी चढवण्याचा पण, वेष पालटून परत येणे, हे सगळे आपल्याकडून ग्रीकांनी घेतले असे म्हणता येईल का? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : तसे म्हणायला पुरावा नाही, आणि उलट म्हणायलाही नाही. साम्य मात्र खरे आहे. पेनेलोपीच्या पणात धनुष्याला दोरी चढवून बारा कुऱ्हाडींमधून बाण पार करायचा असतो, तेव्हा द्रौपदी-स्वयंवर आठवणारच. काही अभ्यासक याचा माग दोन्ही भाषांच्या समान पूर्वजांपर्यंत नेतात.

मला विचाराल तर खरी जुळी कथा वनपर्वातल्या नल-दमयंतीची आहे. नल बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन येतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी पाठवून त्याला ओढून आणते, दासीला नजर ठेवायला सांगते, त्याने शिजवलेले मांस चाखते आणि मुलांना दासीबरोबर त्याच्यापुढे पाठवून त्याचे काय होते ते जाणून घेते. पेनेलोपीही नवऱ्याने मागणीदार मारून दाखवले तरी विश्वास ठेवत नाही. ती दाईला सहज सांगते, की यांचा पलंग खोलीबाहेर काढून घाल. ओडिसियस भडकतो, कारण त्या पलंगाचा एक खूर म्हणजे जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचे खोड आहे, ते त्याने स्वतः तासलेले आहे आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज एका दासीलाच ठाऊक आहे. भडकला म्हणून तो खरा ठरतो. फसवणुकीत नवरा वरचढ की बायको, हा प्रश्न दोन्ही कथांत मुलांना घालण्यासारखा आहे.

प्रश्न : घरात पूर्ण काव्य ठेवायचे असेल तर इंग्रजीतले कोणते भाषांतर घ्यावे? (एक पालक, होटगी रोड)

उत्तर : गोष्ट सलग वाचायची असेल तर इ. व्ही. र्यू यांचे १९४६ सालचे गद्य भाषांतर घ्यावे. कविता हवी असेल तर एमिली विल्सन यांचे २०१७ सालचे घ्यावे. ते सोप्या इंग्रजीत आहे आणि मूळ काव्याइतक्याच ओळींत बसवलेले आहे.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. वल्हे, शीड, भरती हे शब्दच त्यांना परके आहेत. पाऊस आला तर ज्वारी, नाही तर काहीच नाही, असे आमचे गाव. समुद्राचे काव्य इथे कसे शिकवावे? (एक शिक्षिका, मंगळवेढा तालुका)

उत्तर : आपल्या गावासारखे गाव या काव्यात आहे, आणि ओडिसियसला तिथे जावेच लागणार आहे. अकराव्या सर्गात तो मृतांच्या लोकात उतरतो, तेव्हा टायरेसियस हा आंधळा भविष्यवेत्ता त्याला सांगतो, की घरी पोहोचून मागणीदारांचा निकाल लावल्यावरही तुझी सुटका नाही. एक वल्हे खांद्यावर टाक आणि समुद्राकडे पाठ करून चालायला लाग. ज्यांना समुद्र ठाऊक नाही आणि जे जेवणात मीठ घालत नाहीत, अशा लोकांच्या मुलखापर्यंत जा. पोहोचलास हे कसे कळेल? वाटेत भेटलेला कोणी तरी माणूस तुझ्या खांद्याकडे पाहून म्हणेल, की हे उफणणीचे अवजार घेऊन कुठे निघालास? तिथे वल्हे जमिनीत रोव, पोसायडनला मेंढा, बैल आणि डुक्कर यांचा बळी दे, आणि घरी परत जा.

यातल्या वाटसरूच्या तोंडचा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘अथेरेलोइगोस’, म्हणजे जवळजवळ ‘कुसळांचा काळ’. ग्रीक शेतकरी लांब दांड्याच्या पसरट लाकडी फावड्याने मळलेले धान्य वाऱ्यावर उडवत असे, म्हणून त्याला वल्हे तसे दिसले. आपल्याकडे तिवईवर उभे राहून सुपातून किंवा पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडतात, त्यामुळे आपल्या मुलांना उफणणी तत्काळ कळेल, पण वल्ह्याचे सूप होणार नाही. फळ्यावर नुसते वल्ह्याचे चित्र काढा, नाव सांगू नका, आणि हे कशाचे काय आहे ते वहीत लिहायला सांगा. कोणी धुण्याचे धोपटणे म्हणेल, कोणी बॅट म्हणेल. जितकी चुकीची उत्तरे येतील तितका ओडिसियस मुक्कामाच्या जवळ आला. मिठाची अट मात्र आपल्याकडे पुरी होणार नाही, कारण ठेचा बिनमिठाचा कोणी खात नाही. चंद्रभागेतल्या होड्या पाहिलेली मुले वल्हे बरोबर ओळखतील हेही खरे, म्हणजे त्या माणसाला पंढरपुरात थांबता आले नसते. आपल्या गावापर्यंत चालावेच लागले असते.

ही भविष्यवाणी तेविसाव्या सर्गात पुन्हा येते, आणि ती जागा मोठ्या मुलांना जरूर वाचून दाखवा. वीस वर्षांनी नवरा-बायको भेटले आहेत, पलंगाचा उलगडा झाला आहे, आणि तशात ओडिसियस म्हणतो की अजून एक काम उरले आहे. पेनेलोपी म्हणते, नंतर कळायचेच आहे तर आताच सांगा. तो सगळे सांगतो: वल्हे, वाटसरू, बळी, आणि शेवटी म्हातारपणी येणारे शांत मरण, जे ‘एक्स हालोस’ येईल. या दोन शब्दांचा अर्थ ‘समुद्रातून’ असाही होतो आणि ‘समुद्रापासून दूर’ असाही होतो. अभ्यासकांचे यावर आजही एकमत नाही. ती एवढेच म्हणते, की देव म्हातारपण तरी बरे देणार असतील तर आशेला जागा आहे.

वर्गात खरे वल्हे दाखवायचे असेल तर ते पंढरपूरहून मागून आणावे लागेल. आणणाऱ्याला सांगा, की एसटीच्या टपावर टाकू नकोस, उतरल्यावर फाट्यापासून शाळेपर्यंत खांद्यावर घेऊन चालत ये, आणि वाटेत कोणी काय विचारले ते शब्दशः लिहून आण.